गाडी खळ्यात येते, पण कागदावर येते का?

बाबू,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि खरं सांगू, आधी तुझाच राग आला. तुझ्या गावच्या घराचे एजंट 65 लाख म्हणतो, बँकेचा व्हॅल्युअर 31 म्हणाला, रेडी रेकनरने 18च्या आसपास येतात आणि तुझा चुलता सांगतो तारकर्लीला असंच घर दीड कोटीला गेलं. मग "मावशी, यातली खरी किंमत कुठली" असं विचारून तू मोकळा. अरे चौघांना आकडे विचारलेस, पण एकाला तरी वाट दाखवलीस का? हायवेपासूनची सोड, मी शेवटच्या पन्नास पावलांचं बोलतेय. डांबरी संपते तिथपासून तुझ्या खळ्यापर्यंतची, अंगणापर्यंतची. ती कोणाच्या जमिनीतून येते?

माझं अख्खं आयुष्य दुय्यम निबंधकांच्या ऑफिसबाहेर टेबल टाकून खरेदीखतं लिहिण्यात गेलं. घर बघायला मला कोण नेतंय, मी घरं बघितली ती चतुःसीमेत. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस वहाळ, दक्षिणेस तमक्याचा गडगा म्हणजे दगडी बांध, उत्तरेस रस्ता. त्या चारातल्या एका ओळीत "रस्ता" असेल तर घेणारा निवांत बसून चहा पितो, "पायवाट" असेल तर उठून बाहेर जाऊन फोन लावतो. आणि चारही बाजूंना माणसांचीच नावं असली की मी टायपिंग थांबवून विचारायचे, तुम्ही आत जाणार कुठून? विकणारा हसायचा, "अहो आमचीच माणसं ती, वाट कोण अडवतंय!" भाऊबंद नाही अडवत रे बहुतेक वेळा. भाऊबंदांनी ज्याला जमीन विकली तो अडवतो, आणि त्याला तुझं काही सोयरसुतक नसतं.

आता तुझे ते आकडे. रेडी रेकनर म्हणजे सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, नवे दर 1 एप्रिलपासून लागतात. तो स्टॅम्प ड्युटीसाठी असतो, दस्तातली रक्कम आणि तक्त्याची रक्कम यात जास्त असेल तिच्यावर ड्युटी भरायची. त्या तक्त्याला तुझं घर माहीतच नाही, रस्त्याकडेचं घर आणि घाटी चढून जायचं घर त्याच्यात एकाच दराने बसू शकतं. म्हणून 18 हा भाव नव्हे. पण त्याच्याकडे दुर्लक्षही करू नकोस, तक्त्यापेक्षा बराच कमी दस्त केलास आणि फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तर इन्कम टॅक्सवाले विकणाऱ्याला तक्त्याचीच रक्कम मिळाली असं धरून हिशोब करतात.

व्हॅल्युअर जमीन वेगळी धरतो, बांधकाम वेगळं. आरसीसीचं आयुष्य साधारण 60 वर्षं, शेवटी मोडीचे 10 टक्के, मधल्या काळात दर वर्षी घसारा. समजा आज बांधायला 20 लाख लागतील असं घर 30 वर्षांचं झालं, तर 9 लाख गेले, 11 उरले. तुझं तर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, आजोबांच्या वेळचं. ती फणसाची तुळई जिच्यावर तुम्ही सगळी पोरं झोका बांधून लोंबकळलात, तिचे त्याने काहीही धरले नसतील. वाईट वाटून घेऊ नकोस, बांधकाम दरवर्षी उतरतं, भाव चढतो तो जमिनीचा. आणि बँकेच्या रिपोर्टात बहुतेक तीन आकडे असतात: फेअर मार्केट म्हणजे रास्त बाजारभाव, रिअलायझेबल म्हणजे प्रत्यक्ष हातात येईल तो, डिस्ट्रेस म्हणजे घाईत विकावं लागलं तर मिळेल तो. यातला 31 कुठला हे तू बघितलंस का? नसशील बघितलं.

एजंटचे 65 म्हणजे मागायचा आकडा. काम मिळावं म्हणून तो तुला आवडेल तेच बोलणार. चुलत्याच्या दीड कोटीला मी फक्त एवढंच विचारीन की दस्त झाला का, आणि झाला तर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, दाखव. नोंदणी विभागाच्या साइटवर वर्ष, गाव, गट नंबर टाकून कोणालाही बघता येतं. हां, आपल्याकडे दस्तातली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम नेहमी एक नसते हे मला तू सांगू नकोस, ते दस्त मीच लिहिलेत. तरी आजूबाजूचे दोन-तीन व्यवहार शोध, घेणाऱ्याला भेट, गावात कळतंच. आणि तिथे गाडी कुठपर्यंत जाते ते स्वतः चालून बघ. तारकर्लीच्या त्या घराला डांबरी लागून असेल आणि तुझ्या घराला गडग्याच्या फटीतून आडवं होऊन जावं लागत असेल, तर ती दोन घरं शेजारी ठेवून बघायचीच नाहीत.

बाजारभाव म्हणजे नड नसलेला विकणारा आणि घाई नसलेला घेणारा, दोघांनाही सगळं माहीत असताना आणि पुरेसा वेळ असताना ज्या रकमेवर हात मिळवतील ती रक्कम. म्हणजे तुझ्या दारात घ्यायच्या तयारीने किती माणसं येऊ शकतात त्यावर भाव. ती माणसं कमी कशाने होतात बघ. घराखालची जमीन सातबाऱ्यावर शेतीची असेल तर 1948च्या कुळकायद्याच्या कलम 63ने शेतकरी नसलेला माणूस ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेऊच शकत नाही, मुंबई-पुण्याच्या निम्म्या पार्ट्या इथेच गळल्या. सामाईक सातबारा असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, त्यातला एक नेमका दुबईत. आणि वाट कागदावर नसेल तर बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीचे कागद तपासून देतो त्या अहवालात, खोट काढणार, कर्ज अडकणार, मग राहिले फक्त रोकड घेऊन फिरणारे. असा माणूस तुला बाजारभाव कशाला देईल?

वाट नसली की खर्चही वाढतो, हे एजंट बोलत नाही. चिरे, वाळू, सिमेंट सगळं डोक्यावरून न्यायचं, बोअरची गाडी येत नाही, टाकी उपसायचा टँकर येत नाही, म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून उचलून रस्त्यापर्यंत आणायचं. घेणारा हे सगळं मनात वजा करत असतो. तुला वाटतं तो कौलं बघतोय.

सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ झाला तेव्हा, 2021च्या ऑक्टोबरात, आमच्याकडे कातळावरच्या जमिनीचेपण भाव लोकांनी दुप्पट सांगायला सुरुवात केली. अरे विमान चिपीला उतरतं, तुझ्या खळ्यात नाही. समुद्र दिसतो त्याचंही तसंच. भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचा, ना-विकास पट्टा असेल तर जुनं अधिकृत घर आहे तेवढ्याच जोत्यावर दुरुस्त करता येतं, जास्त काही नाही. समुद्र बघायला पैसे देणारा माणूस हॉटेल काढायचं मनात धरून येतो आणि नकाशा बघून परत जातो. दाट वस्तीच्या गावांना 2019च्या अधिसूचनेने हे अंतर 50 मीटरवर आणलंय, तुझं गाव कशात बसतं ते किनारा आराखड्याच्या नकाशात बघ.

माझंच सांगते. माहेरच्या घराची वाट चुलत भावाच्या, दादाच्या, कलमांच्या बागेतून जायची. मी हट्ट धरला की दहा फुटांच्या वाटेचा रजिस्टर कागद करायचा, नकाशा लावून. घरात काय गहजब झाला! लग्न झालेली बहीण माहेरच्या वाटेचा कागद मागते, आता हिला काय विकायचंय का. दादाने सही केली, मुकाट्याने केली, आणि त्यानंतर चतुर्थीला तो आमच्या घरी गणपतीच्या पाया पडायला आला नाही. वहिनीच्या करंज्या बंद झाल्या. मला त्याचं दुःख नाही असं समजू नकोस, दर चतुर्थीला दार कोणी वाजवलं की मी आधी बघते कोण आलंय. पण सही मागितली ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. दादाच्या मुलांनी पुढे ती कलमं मुंबईच्या पार्टीला दिली आणि त्या पार्टीने पहिलं काम काय केलं, तर तारेचं कंपाउंड. माझे दहा फूट सोडून.

तू म्हणशील, मावशी तू तर घर विकणार नव्हतीसच, मग भावाशी वाकडं कशाला घेतलंस. सगळे हेच म्हणतात. किंमत काय फक्त विकतानाच लागते? वाटणीला लागते, कर्जाला लागते, उद्या तुझ्या बहिणीला तिचा हिस्सा पैशात द्यायचा झाला तर तुझ्या वाट नसलेल्या घराचा कुठला आकडा धरणार आहेस तू, एजंटचा की स्वतःच्या सोयीचा? मला उगाच भांडकुदळ म्हणतात लोक.

आणि कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. आहे कायदा. 1882चा सुखाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जायच्या वगैरे हक्काचा आहे, दुसरी वाटच नसेल तर गरजेचा हक्क मिळतो, 20 वर्षं बिनहरकत वापरली तर वहिवाटीने मिळतो. चालू वाट कोणी अडवली तर 1906च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत, आणि आपली माणसं ते 6 महिने मध्यस्थ शोधण्यात घालवतात. शिवाय दावा चालू असलेलं घर कोण घेतो?

तर भाव विचारत फिरणं बंद कर. भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढ, त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायवाट एका, तुझ्या घराकडे काय जातं ते बघ. ग्रामपंचायतीत रस्त्यांच्या रजिस्टरला नोंद आहे का विचार. काहीच नसेल तर मोजणी घाल आणि ज्याच्या जमिनीतून वाट येते त्याच्याकडून रजिस्टर कागद करून घे, त्याची नोंद त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात चढव. माझ्या अंदाजाने ती वाट तुझ्या त्याच चुलत्याच्या हिश्श्यातून येते, म्हणून सांगते, त्याच्याशी दीड कोटीवर वाद घालत बसू नकोस. तो खूश आहे तोवर वाटेचं बोल. तो हो म्हणाला की त्याच दिवशी मला फोन कर, मसुदा मी पाठवते, स्टॅम्पचा खर्च तू कर, त्याच्याकडून एक रुपया घेऊ नकोस.

सातबारा आणि गट नंबर पाठव. नकाशाला शनिवारी जाऊ नकोस, ऑफिस बंद असतं.

मावशी