कादंबरी सोडून काय देऊ? – माझं लांबलेलं उत्तर

तुमची पोस्ट वाचली आणि परत आमच्या काउंटरवर जाऊन बसल्यासारखं झालं. 'वाचनालयात लोक येतात, कादंबरी नको, खरंखुरं काहीतरी द्या म्हणतात, मला सुचत नाही, शंभर पुस्तकांची यादी द्या' – अगदी हेच माझं व्हायचं. तालुक्याच्या गावचं ब वर्गाचं वाचनालय, संध्याकाळी तीन तास देवघेव बघायचो, अकरा वर्षं. ग्रंथपालाचा कोर्स केलेला नाही हे आधीच सांगतो, जाणकारांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

यादी मिळेल हो, पण यादीने काही होत नाही. मी पेपरात आलेली एक यादी मोठ्या अक्षरात टाइप करून बोर्डावर लावली होती. वर्षभरात ती बघून कोणी पुस्तक मागितल्याचं आठवत नाही, तिच्यावर मंगल कार्यालयाची जाहिरात मात्र कोणीतरी टाचणीने लावून गेलं.

माणूस बघून पुस्तक द्यायचं, बास. आमच्याकडे एक टेलरकाका यायचे, गळ्यात टेप तसाच. "घडलेलं द्या, बनवलेलं नको." मी इंप्रेशन मारायला इतिहासाचा जाडजूड खंड दिला. तिसऱ्या दिवशी परत, बाराव्या पानावर अस्तराच्या कापडाची चिंधी खूण म्हणून तशीच! मग सहा महिने फिरकले नाहीत. शेवटी त्यांच्या दुकानात जाऊन 'माझा प्रवास' ठेवून आलो. वरसईचे विष्णुभट गोडसे, घरात कर्ज, उत्तरेत बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघतात आणि १८५७ च्या धुमाळीत सापडतात, झाशीचा वेढा आतून बघतात, लुटले जातात, आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी येतात. काकांनी दोन दिवसांत परत आणलं आणि काउंटरवर कोपर टेकून विचारलं, "पण एवढं करून कर्ज फिटलं का भटजींचं?"

आता माझी घोडचूक. या टेलरकाकांच्या आधी कपाटं कमी पडत होती म्हणून मी निर्लेखनाची, म्हणजे वाचनालयातून काढून टाकायच्या पुस्तकांची यादी केली, निकष काय तर पाच वर्षांत इश्यू नाही आणि बांधणी सुटलेली. शंभरच्या वर पुस्तकं निघाली, बहुतेक चरित्रं, प्रवास, शेती, स्थानिक इतिहास. ती इश्यू होत नव्हती कारण मी कोणाला देतच नव्हतो, हे डोक्यातच आलं नाही. यादी मंजुरीला एका कार्यालयात गेली (नाव घेत नाही, अजून तिकडे कामं पडतात) आणि चौदा महिने तिथेच पडून राहिली. कधी प्रत कमी, कधी शिक्का फिका, कधी साहेब दौऱ्यावर. तेवढ्यात इकडे लोक तीच पुस्तकं मागायला लागलेले. मी अर्ज केला की यातली नऊ नावं वगळा. उत्तर आलं की अंशतः बदल करता येत नाही, नव्याने प्रस्ताव सादर करावा. म्हणजे परत चौदा महिने. कमिटी वैतागली होती, मंजुरी आली त्याच आठवड्यात सगळं रद्दीत गेलं. त्यात 'माझा प्रवास'ची १९६६ ची प्रत होती, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी पहिल्यांदा छापलं तेव्हा बरीच काटछाट केली होती, त्यामुळे कुठली आवृत्ती हातात आहे याला फार महत्त्व आहे. आणि मी काय ठेवली होती? नवी चकचकीत, वैद्यांच्याच पाठाची! काकांनी तीच वाचली. कार्यालयाला शिव्या घालतो खरा, पण यादीवर सही माझी होती.

असो. माझ्या अनुभवातलं सांगतो, तुमच्या गावात वेगळंही असेल. शेतकरी, बारावीची पोरं: वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', अमेरिकेतल्या शेतीशास्त्रज्ञाचं चरित्र, हे सहसा अर्धवट परत येत नाही. टीव्हीवर महाभारत बघणारे: इरावती कर्व्यांचं 'युगान्त', पण अख्खं वाचा म्हणू नका, एका पात्रावरचा एकच लेख वाचा म्हणा. दुपारी येणाऱ्या काकू: लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे', त्यात लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड आलं की काकू स्वतःच्या सासऱ्यांचे किस्से सांगायला लागतात आणि काउंटरवर लाइन लागते. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', महिन्यामहिन्याच्या निसर्गावरचं, चालू महिन्याच्या पानावर उघडून टेबलावर ठेवायचं. दया पवारांचं 'बलुतं' आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', ही गावकुसाबाहेरच्या माणसांची आत्मकथनं, कपाटात वर ठेवू नका, समोर ठेवा; आमच्याकडे एकाने 'असली पुस्तकं कशाला' म्हणून वाद घातला होता, दुसऱ्याच आठवड्यात स्वतः घेऊन गेला. 'यशाचे दहा मंत्र' छापाची पुस्तकं मी शिफारशीत धरत नाही, कोणाला राग आला तर येऊ दे.

अजून एक, विषयाला सोडून आहे: राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट पीडीएफ मिळतात, मोबाइलवाल्या पोरांना ते दाखवा. आणि बांधणी सुटली तर आधी बाइंडरकडे, खळ लावताना मोरचूद घालायला सांगा, कसर कमी लागते.

तुमच्याकडे निर्लेखनाची यादी तयार असेल तर पाठवायच्या आधी इथे टाका, मी नजर घालतो. आणि 'माझा प्रवास' असेल तर आतलं पान उघडून संपादक कोण ते बघा, पोतदार असतील तर कितीही फाटकी असो, मला कळवा.