६ चे ९ मिमी झाले, म्हणजे स्नायू बळकट झाला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोस्टेट काढून तीन महिने झाले, लघवी अजून गळते. फिजिओथेरपिस्टने पोटावरून सोनोग्राफी करून आधी ६ मिमी आणि दीड महिन्याने ९ मिमी असा आकडा दिला. मग गळती तशीच कशी, आणि एमआरआय करून घ्यावा का?

सोनोग्राफीच्या खोलीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, हा आकडा ताकदीचा नाही, हालचालीचा आहे. बेंबीखाली प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवला की भरलेल्या मूत्राशयाचा तळ दिसतो, आणि तुम्ही ओटीपोटाच्या तळाचे, म्हणजे लघवी रोखायचे, स्नायू आवळल्यावर तो किती उचलला गेला तेवढंच मोजतात. या चित्रात धरून मोजावं असं एकही हाड नसतं. लघवी कमी-जास्त साठलेली असली, पोट आकसून प्रोब जरासा ढकलला गेला, तरी मिलिमीटर बदलतात. त्यामुळे ३ मिमीच्या फरकावर आनंदही नको आणि चिंताही नको. मात्र आवळताना तळ वर जाण्याऐवजी खाली गेला, तर तुम्ही श्वास कोंडून कुंथताय, हे या तपासणीत छान पकडता येतं.

तुमच्या कामाची तपासणी वेगळी आहे. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर, कव्हर घातलेला प्रोब बाहेरूनच टेकवतात. आत काही घालत नाहीत, दुखत नाही. संकोच वाटतो, तो दोन मिनिटांत जातो. इथे जघनास्थी (ओटीपोटाच्या खालचं, पुढचं हाड) चित्रात येते, म्हणजे मोजायला पक्की खूण मिळते. आणि तीन वेगवेगळे स्नायू आपापलं काम करताना दिसतात. मूत्रमार्गाभोवतीचा झडपेसारखा स्नायू मूत्रमार्गाचा मधला भाग मागे ओढतो. गुदाशयाला मागून वेढणारा पट्टा गुदाशयाचं वळण पुढे आणि वर खेचतो. तिसरा स्नायू लिंगाच्या मुळाचा फुगीर भाग दाबतो.

गोम इथेच आहे. बरेच पुरुष गुदद्वार जोरात आवळतात. दुसरा स्नायू जोमाने हलतो, पोटावरचा आकडा सुधारतो, पण झडप जवळपास स्वस्थच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच पद्धतीने सूचना ताडून पाहिल्या. ‘लिंग आत ओढून आखूड करा’ असं सांगितल्यावर मूत्रमार्ग सर्वांत जास्त मागे सरकला. ‘गुदद्वार आवळा’ म्हटल्यावर तितका नाही. (अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ केगल यांनी १९४८ मध्ये हे आवळण्याचे व्यायाम मांडले ते बायकांसाठी. पुरुषांना तेच शब्द उसने दिले गेले, आणि अजून दिले जातात.)

एमआरआयचं म्हणाल तर त्याची खरी किंमत शस्त्रक्रियेच्या आधी. प्रोस्टेटच्या खाली मूत्रमार्गाचा जो तुकडा असतो त्याची लांबी त्यात नीट मोजता येते. सरासरी साधारण १० ते १५ मिमी. तो जितका लांब, तितका लघवीवरचा ताबा लवकर परतण्याची शक्यता जास्त. तुमचा आधीचा एमआरआय असेल तर सर्जनला ही लांबी विचारा. आता निव्वळ स्नायू मोजण्यासाठी नवा करण्यात मला अर्थ दिसत नाही. स्थिर चित्रात स्नायूची जाडी कळेल, तो वेळेवर आवळतो का हे नाही. तीन महिने हा काळही फार नाही. सुधारणा वर्षभर होत राहू शकते.

आणखी एक. आवळण्याइतकंच सोडणंही बघायला सांगा. ओटीपोटात जुनं दुखणं असलेल्या काही पुरुषांत गुदाशयाच्या त्या वळणाचा कोन आरामातही अरुंद सापडतो, म्हणजे स्नायू सतत ताठलेला. अशा माणसाने आणखी आवळत बसणं चुकीचं. तुम्हाला बसताना दुखतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

पुढच्या भेटीत खालून सोनोग्राफी होईल का ते विचारा, आणि स्क्रीन तुमच्याकडे वळवून घ्या. एकदा आवळा, एकदा खोका, एकदा उभं राहून करा. झडप खोकल्याच्या आधी हलते की नंतर, ते बघा आणि इथे लिहा.