गेम-यूज्ड (प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या) जर्सीची किंमत कशावर ठरते: बर्नी विल्यम्सच्या जर्सीविषयीच्या प्रश्नाला उत्तर

आपण न्यू जर्सीतल्या एका इस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) बेसबॉलपटू बर्नी विल्यम्सची १९९८च्या हंगामातली, न्यू यॉर्क यांकीज संघाची पिनस्ट्राइप (बारीक उभ्या रेघांची) जर्सी घेतलीत. तिच्यासोबत ‘वापराच्या खुणा सुसंगत आहेत’ असे एका खासगी कंपनीचे पत्र आहे, आणि तरीही लिलावगृहाने आपल्या अपेक्षेच्या निम्माही अंदाज दिला नाही. हे वाचल्यावर सविस्तर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण याच त्रासातून मी गेलो आहे. टॅग, मापे, शिलाई कशी तपासायची हे आपल्याला ठाऊक असणार, असे गृहीत धरतो. मी व्यापारी किंवा अधिकृत मूल्यांकनकार नाही. खाली लिहिलेले माझे मत आहे, ते तेवढ्याच वजनाने घ्यावे.

किंमत खेळाडूच्या नावावर ठरते, हा समज अर्धाच खरा आहे. नावामुळे गिऱ्हाईक दाराशी येते. पैसे मात्र ‘ही वस्तू नेमक्या कोणत्या सामन्यात होती आणि ते कशावरून’ या प्रश्नाच्या उत्तराचे मिळतात. बेब रूथची १९३२च्या वर्ल्ड सीरीजमधली (हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेतली) ‘कॉल्ड शॉट’ (आधी बोट दाखवून मारल्याचा म्हटला जाणारा फटका) म्हणून ओळखली जाणारी जर्सी २००५ मध्ये ९,४०,००० डॉलरला विकली गेली होती. तीच जर्सी जुन्या छायाचित्रांशी जुळवून त्याच सामन्यातली असल्याचे प्रमाणित झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला गेली. मधल्या काळात एकूण बाजार फार वर गेला, म्हणून सगळे श्रेय जुळवणीला देणे योग्य नाही. पण एवढी रक्कम लावणाऱ्याला ‘असावी’ या शब्दावर भागवता येत नाही, हेही तितकेच खरे.

२००१ नंतरच्या वस्तूंसाठी हा प्रश्न बराच सुटला आहे. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट स्वाक्षऱ्यांच्या टोळ्या उघडकीस आणल्यावर मेजर लीगने (व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च लीगने) स्वतःची प्रमाणन योजना सुरू केली. आता प्रत्येक सामन्याला किमान एक प्रमाणक हजर असतो, आणि ही माणसे बहुतेक करून पोलीस दलातली किंवा तिथून निवृत्त झालेली असतात. त्यांचा नियम साधा आहे: वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी वापरात पाहिली असेल आणि नजरेआड झाली नसेल, तरच होलोग्राम (प्रमाणनाचा स्टिकर) लावायचा. होमरनचा (कुंपणापार मारलेल्या फटक्याचा) चेंडू प्रेक्षकांच्या गर्दीत जाऊन दिसेनासा झाला, तर पकडणारा कितीही प्रामाणिक असला तरी त्याला साधारणपणे होलोग्राम मिळत नाही. म्हणूनच मोठा विक्रम जवळ आला की आधीच खुणा केलेले चेंडू खेळात आणतात. आपली जर्सी या योजनेच्या आधीची असल्यामुळे तिला आधार दोनच: कागद आणि छायाचित्र.

कागदाविषयी मी जरा तळमळीने लिहितो, त्याबद्दल क्षमस्व. नव्वदच्या दशकाच्या अखेरची यांकीजची एक करडी, बाहेरगावच्या सामन्यांची जर्सी मी क्लबहाउसमधून (खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या जागेतून) निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याकडून घेतली होती. कोणत्या शहरातल्या मालिकेनंतर ती आपल्या हाती आली, हे त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून, सही करून दिले होते. जर्सी विक्रीला द्यायचे ठरल्यावर एका लिलावगृहाने ‘तपासणीसाठी मूळ कागद लागतील’ असे कळवले, म्हणून मी पत्र त्यांच्या स्वाधीन केले. राखीव किंमत गाठली गेली नाही आणि जर्सी परत आली, ती मूळ पत्राशिवाय. सोबत पहिल्या पानाची फिकट झेरॉक्स होती. सही दुसऱ्या पानावर होती. त्यानंतर दर खेपेला वेगळा माणूस फोन घेई, प्रत्येकाला सारी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागे, आणि प्रत्येकजण फाइल ‘दुसऱ्या विभागाकडे’ असल्याचे सांगे. शेवटी लेखी उत्तर आले की ते पत्र ‘पूरक साहित्य’ आहे आणि करारानुसार ते परत करण्यास कार्यालय बांधील नाही. तोवर ते वृद्ध गृहस्थ वारले होते. घरच्या मंडळींनी सहानुभूतीने पत्र लिहून दिले, पण त्यांनी जर्सी हाती येताना पाहिली नव्हती, त्यामुळे त्या पत्राला साक्षीचे मोल नव्हते. पुढच्या लिलावगृहाने तिला ‘वापर सुसंगत’ एवढेच वर्णन देऊन आधीच्या अंदाजाच्या सुमारे एकतृतीयांश किंमत सुचवली. कापड तेच, डाग तेच, खेळाडूही तोच. गेला होता तो फक्त माग, म्हणजे वस्तू कुणाकडून कशी आली याचा पुरावा. सातबारा आणि फेरफार नसलेल्या जमिनीचा भाव जसा पडतो, तसाच तो पडला. ज्या कार्यालयाचा धंदाच कागदाच्या विश्वासार्हतेवर चालतो, त्याने दुसऱ्याचा एकमेव कागद असा हाताळावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून इस्टेट सेल चालवणाऱ्यांकडे आजच विचारणा करा: घर कोणाचे होते, त्या कुटुंबाचा संघाशी संबंध काय होता, जर्सी घरात केव्हा आली. उत्तर लेखी घ्या, शक्य झाल्यास नोटरीसमोर. मूळ प्रत कोणाच्याही हाती द्यायची वेळ आली, तर ती परत करण्याची अट करारात स्वतंत्र ओळीत लिहून घ्या.

छायाचित्राच्या बाबतीत आपण माझ्यापेक्षा सुदैवी आहात. करड्या कापडावर जुळवायला अक्षरांची जागा, शिलाईतला तिरपेपणा आणि डाग एवढेच असते; जवळून टिपलेला चांगला फोटो नसेल, तर काम तिथेच थांबते, आणि माझे तिथेच थांबले. पिनस्ट्राइपमध्ये मात्र बाहीच्या शिवणीवर रेघा कशा मिळतात, छातीवरचे बोधचिन्ह कोणत्या रेघेला कुठे छेदते, पाठीवरच्या ५१ या क्रमांकातला ५ कोणत्या रेघेपासून सुरू होतो, हे प्रत्येक जर्सीत थोडे वेगळे असते. त्या वर्षी विल्यम्सने .३३९ सरासरीने अमेरिकन लीगचे (मेजर लीगमधल्या दोन गटांपैकी एकाचे) फलंदाजीचे अजिंक्यपद मिळवले आणि संघाने ११४ सामने जिंकून पुढे वर्ल्ड सीरीजही जिंकली, त्यामुळे वृत्तसंस्थांच्या संग्रहात फोटो मुबलक आहेत. एखाद्या नियमित हंगामातल्या सामन्याशी जुळवणी झाली तरी वर्णन बदलेल. ऑक्टोबरमधल्या, नियमित हंगामानंतरच्या अजिंक्यपदाच्या सामन्याशी झाली, तर जर्सी वेगळ्याच वर्गात जाईल. हे होईलच, असे आश्वासन मी देत नाही.

खासगी कंपन्यांच्या गुणांकनावर माझा फारसा विश्वास नाही. दहापैकी किती गुण मिळाले, हे खुणा कशा दिसतात यावर बरेच अवलंबून असते, आणि खुणा घरी बसूनही करता येतात. बॅटच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम असतो: लुइव्हिल स्लगर या बॅटच्या कारखान्यातल्या नोंदी, त्या खेळाडूचे ठरलेले मॉडेल (यांकीजच्या डेरेक जीटरचे पी७२ होते), पाइन टार (पकडीसाठीचा चिकट पदार्थ) लावण्याची त्याची सवय. १९८० पासून त्या कंपनीच्या बॅटवरील मधल्या शिक्क्यात ‘हिलरिच अँड ब्रॅड्सबी’ या उत्पादकाच्या नावाऐवजी ‘लुइव्हिल स्लगर’ आले, एवढ्या एका गोष्टीवरूनही खोटी बॅट पकडली जाते. मुठीजवळची चीर नवख्याला दोष वाटते, पण ती सामन्यात पडल्याचे दाखवता आले, तर अनेक संग्राहक तिला पुरावाच मानतात. चेंडू घेणार असाल, तर पांढऱ्याशुभ्र चेंडूपासून सावध राहा. सामन्याचा प्रत्येक चेंडू आधी डेलावेअर नदीच्या परिसरातल्या खास चिखलाने चोळलेला असतो.

विक्रीची वेळही पाहावी. यांकीजच्या अ‍ॅरन जजच्या एकाच हंगामातल्या ६२व्या होमरनच्या चेंडूला आधी ३० लाख डॉलरचा देकार आला होता. मालकाने तो नाकारला आणि डिसेंबर २०२२च्या लिलावात १५ लाख डॉलर आले. याउलट लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या शोहेई ओतानीच्या त्या हंगामातल्या ५०व्या होमरनचा चेंडू ऑक्टोबर २०२४ मध्ये, डॉजर्सची वर्ल्ड सीरीज तोंडावर असताना, ४३ लाख ९२ हजार डॉलरला गेला. करविषयक सल्ला तज्ज्ञाकडूनच घ्यावा, पण संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर अमेरिकेच्या संघराज्याचा कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, हे हिशेबात धरा.

जर्सी धुऊ नका, ड्रायक्लीनही करू नका, आणि फ्रेमवाल्याला गोंद लावू देऊ नका. जुळवणीसाठी पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजू, शिवणी आणि प्रत्येक डाग सपाट पृष्ठभागावर ठेवून दिवसाच्या उजेडात टिपून घ्या. ते फोटो इथे टाकलेत, तर शिवणीवरच्या रेघा १९९८च्या छायाचित्रांशी ताडून पाहण्यास मी आनंदाने वेळ देईन.