घातांकी, घातक आणि एक घाव

एका वाचकाचा प्रश्न आहे: "लॉकडाऊन किती दिवसांचा असला तर साथ आटोक्यात येते, याची गणिती प्रतिमानं समजावणारा लेख मराठीत लिहितो आहे. 'एक्स्पोनेन्शियल' वाढीला 'घातांकी' म्हणावं की 'घातक'? दोन्ही वाचनात येतात. आणि लॉकडाऊनला 'टाळेबंदी' चालेल का?"

घातांकी. 'घातक वाढ' ऐकून २०२० सालीच कान किटले होते. पण त्याहून चीड येते ती 'घातांकी'चा अर्थ 'फार जोरात' असा करणाऱ्यांची. परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टोमॅटोचे भाव 'घातांकी' वाढले होते. ते एकदाच वाढले होते हो, चाळीसाचे साठ!

घातांकीचा वेगाशी संबंध नाही, दर पावलाला त्याच संख्येने गुणण्याशी आहे. हजार रुग्णांना दहा वेळा दोनाने गुणा, १०,२४,००० होतात. १.१ने गुणा, जेमतेम २,६००. आणि ०.७ने गुणलं तर उरतात २८. तिन्ही घातांकीच, तिसरी तर घट आहे. शाळेत 'पाया' आणि 'घातांक' शिकलो ते आठवा. लॉकडाऊन बदलतो तो पाया. घातांकाच्या जागी काळ बसलेला असतो, त्याला कुणाचा बापही कुलूप लावू शकत नाही.

आता मजेची गोष्ट. ज्यांनी 'घातक' लिहिलं ते चुकले, पण चुकून घरच्याच माणसाला भेटले. दोन्ही शब्द 'हन्' धातूचे: हनन, हत्या, आघात, घातक. आणि संस्कृत गणितात 'घात' म्हणजे सरळ गुणाकार. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) वर्गाची व्याख्या 'समद्विघात' अशी आहे आणि घनाची 'समत्रिघात', म्हणजे तीन समान संख्यांचा गुणाकार. गुणाकाराची रीत सांगतात तीही 'गुण्यान्त्यमङ्कं गुणकेन हन्यात्', गुण्याच्या शेवटच्या अंकाला गुणकाने हाणावं. मराठीतलं 'हाणणं' त्याच घरातलं. 'घन'सुद्धा हन्-वरूनच, पाणिनीचं सूत्रच आहे, 'मूर्तौ घनः'. लोहाराचा घणही तोच, आणि 'घात' झिजून झालेला आपला 'घाव' तर सख्खाच.

गुणाकाराला ठार मारण्याचे शब्द का? विभूतिभूषण दत्त आणि अवधेश नारायण सिंह या इतिहासकारांचं उत्तर सगळे डोळे मिटून उतरवून घेतात: धूळपाटीवर गुणताना जुने अंक पुसून त्या जागी नवे लिहीत, अंक 'मरत', म्हणून हनन, वध. मला हे पटत नाही. धूळपाटीवर बेरीजही पुसूनच करायचे. मग बेरजेला कुणी वध का म्हटलं नाही? तिला 'संकलित' असं सोज्वळ नाव, आणि खुनाचा आळ एकट्या गुणाकारावर?

माझं म्हणणं असं, की उत्तर आपल्या म्हणीत आहे: एक घाव दोन तुकडे. दुसरा घाव सगळ्या तुकड्यांवर एकदम घाला, चार. तिसरा, आठ. घाव मोजायचे तीन, तुकडे मोजायचे आठ. किती घाव घातले तो अंक म्हणजे घातांक! लाकूड फोडताना हे ज्याला दिसलं त्याने गुणाकाराला 'मारणं' म्हटलं तर नवल काय? एक मित्र यावर म्हणतो की तुकडे पाडणं म्हणजे भागाकार, भागाकाराला 'छेदन' म्हणतातच की. त्याला मी सांगतो, तू लाकडाकडे बघतोस, मी ढलप्या मोजतो. म्हणीला पुरावा म्हणत नाहीत हे मलाही कळतं, पण मी मत सोडणार नाही.

तुमच्या लेखाला हा घाव फार उपयोगी आहे. रोग एकाकडून दुसऱ्याकडे जायला एक आठवडा धरा, म्हणजे आठवड्याला एक घाव. २५ मार्च २०२० पासूनचे २१ दिवस म्हणजे तीनच घाव. लॉकडाऊनने पाया ०.७वर आणला असं समजा: हजाराचे ३४३ झाले. दार उघडलं, पाया पुन्हा दोन. पुढच्या तीन घावांत २,७४४. केंब्रिजच्या राजेश सिंग आणि रोनोजय अधिकारी यांनी वयोगटवार, याहून पुष्कळ बारीक प्रतिमान मांडून त्याच मार्च महिन्यात सांगितलं होतं की २१ दिवस पुरणार नाहीत, उठवल्यावर साथ परत येईल. तो लॉकडाऊन वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेला.

एक मात्र सांभाळा, साथीच्या अख्ख्या आलेखाला घातांकी म्हणू नका. घातांकी असतो तो सुरुवातीचा चढ. लागण होऊ शकणारी माणसंच कमी होत जातात, तसा आलेख वाकतो आणि उतरतो. हे गणित केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली मांडलं, आणि ताडून पाहायला आकडे घेतले ते आपल्या मुंबईच्या प्लेगचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू.

हां, टाळेबंदी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'लॉकआउट'साठी तो शब्द आधीपासून आहे: संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. तिच्यात माणूस कुलपाच्या बाहेर राहतो, लॉकडाऊनमध्ये आत. शब्द उलट्या बाजूने लागलाय, पण रुळलाय, तेव्हा खुशाल वापरा. फक्त लेखात कुठे गिरण्यांचा उल्लेख येणार असेल तर 'लॉकडाऊन'च लिहा, नाहीतर वाचक मालक कोण ते शोधत बसेल.