दंडाची लोंबती कातडी काढायची आहे? आधी हे वाच

अगं, आधी एक सांगते, घाई करू नकोस. माझं ३० किलो उतरलं तेव्हा मलाही वाटलं होतं की उद्याच जाऊन दंडाचं ऑपरेशन करून घ्यावं, पण वजन निदान ६ महिने एका जागी थांबायला हवं, नाहीतर आत्ता कापून घेशील आणि परत कातडी लोंबेल, मग पैसे पाण्यात. आणि नुसत्या लायपोसक्शनने काम होईल असं कुणी म्हणालं तर जरा सावध, त्याने चरबी जाते, सैल कातडी तशीच राहते.

खरा प्रश्न व्रणाचा. काखेपासून जवळजवळ कोपरापर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूला लांब रेघ येते, पहिले काही महिने लालभडक दिसते, फिकी व्हायला वर्ष सहज जातं. कान टोचल्यावर गाठ आली होती का तुला? असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, कारण व्रण जाड होऊ शकतो. (स्लीव्हलेस घालायला ऑपरेशन केलं आणि वर्षभर कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घातले मी, काय सांगू!)

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे ना ते बघ, नुसतं 'कॉस्मेटिक' लिहिलेल्या पाटीवर जाऊ नकोस. नंतर ४ ते ६ आठवडे घट्ट प्रेशर गारमेंट (दंडावर दाब देणारी बाही), कुकर-बादली उचलणं बंद, केस विंचरायलाही कुणीतरी लागेल पहिले काही दिवस. हाताला थोडा बधिरपणा येतो, माझा कोपराजवळ अजून आहे. कॉस्मेटिक म्हणून मेडिक्लेम बहुतेक मिळत नाही, तेव्हा पैशाची सोय आधी कर.