गोव्यातल्या गुलामांच्या व्यापारावर ऐतिहासिक कादंबरी लिहितोय. काळ पोर्तुगिजांचा. कुठले तपशील सहसा चुकतात?

आधी साल पक्कं करा. नुसतं ‘पोर्तुगीज काळ’ म्हणून भागत नाही, तो साडेचारशे वर्षांचा आहे. १५८५ धरलंत तर शहर म्हणजे जुनं गोवें, पणजी नव्हे. फोंडा, डिचोली, पेडणे तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. कथानकाला याचा मोठा उपयोग आहे. शहर ज्या बेटावर ते तिसवाडी चहूबाजूंनी पाण्यात, बाणस्तारीला नदी ओलांडायच्या उतारावर पहारा, आणि पलीकडे आदिलशाही. पळालेला गुलाम पाणी ओलांडून गेला की मालकाला परत मिळणं कठीण.

मग पाऊस. लिस्बनची जहाजं मार्च-एप्रिलात सुटत, बऱ्याचदा मोझांबिकला थांबत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत. परतीची निघत डिसेंबर-जानेवारीत. भर पावसात मांडवीचं तोंड वाळूच्या दांड्याने बंद. त्यामुळे जुलैत लिस्बनहून माल उतरवलात की जाणकार वाचक पुस्तक मिटणार. मिरीचंही तसंच: ती मलबार-कानडा किनाऱ्याची, गोव्याच्या कुळागरांतून (सुपारी-नारळाच्या बागांतून) जहाजं भरत नसत. हिशेब शेराफिम या तेव्हाच्या गोव्याच्या चलनात ठेवा. १ शेराफिम म्हणजे ५ टांगा, म्हणजे ३०० रेइश.

रुआ दिरैता या शहराच्या मुख्य रस्त्यावरचा गुलामांचा लिलाव सगळेच रंगवतात. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने तो लिहून ठेवलाय: उन्हं चढण्याआधीचा बाजार, घोडे आणि माणसं एकाच बोलीत. ठेवा, पण एका पानात आटपा. खरी किंमत घराघरांत वसूल होत होती. मालक गुलामांना कमाईला बाहेर धाडत. कुणी बायंगिणीच्या झऱ्याचं पाणी घागरींतून शहरात विकायचं, कुणी मिठाई, कुणी स्वतः केलेलं भरतकाम. पैसा मालकाचा. एखादीची घागर बाजारात पोचण्याआधीच फुटली, तर संध्याकाळी ती त्या घराच्या दारात कशी उभी राहील? तिथे दोन प्रकरणं खर्च करा.

आणि सगळे गुलाम आफ्रिकी दाखवू नका. बंगाल, चीन, जपानचेही होते. खलनायकही निव्वळ फिरंगी नकोत. अठराव्या शतकासाठी गोव्यातल्या म्हामाय कामत या व्यापारी-दलाल घराण्याची व्यापारी दप्तरं पाहा, स्थानिक दलालीचा चेहरा तिथे दिसेल. गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी १८३६ची, खुद्द गुलामगिरी रद्द १८६९ला. मधली तेहतीस वर्षं फारसं कुणी लिहीत नाही.

बाकी १५८५च्या जेवणात बटाटा तेवढा वाढू नका.