नदीच्या प्रदूषणावर कोणतं मॉडेल करावं? माझं उत्तर: मॉडेल करू नका, मोजा

तुम्ही विचारलंय की मुलगी नववीत आहे, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलंय आणि गावाजवळची नदी घाण झालीय, तर त्यावर कोणतं मॉडेल करावं. माझं स्पष्ट मत आहे, मॉडेल करू नका. थर्माकोलची नदी, काठावर पुठ्ठ्याचा कारखाना आणि मोटरवर फिरणारी गाळणी हे मी नोकरीभर दरवर्षी बघितलं. ते करून एखाद्या मुलाला स्वतःच्या गावच्या नदीबद्दल काही नवं कळलं, असं मला आठवत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा नदीकाठच्या एका गावात विज्ञान शिकवायचो. नदी खराब आहे हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो, तो त्यांनी डोळ्यांनी बघितलेला असतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हापासून आयांनी पाण्याची धास्तीच घेतली होती. त्यामुळं आठवीच्या पोरांना प्रकल्प काय करायचा विचारलं तर ती म्हणाली, आमच्या नळाचं पाणी चांगलं आहे का ते बघू.

जंतू मारायला पाण्यात क्लोरीन टाकतात, तो नळापर्यंत पोचतो का ते बघायचं ठरलं. आरोग्य सेवकांकडून क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन मोजायची डबी, आणि ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाची बाटली मागून आणली. पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, तो डबीवरच्या रंगाशी ताडून बघायचा. नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. टाकीपासून पाइपलाइनच्या टोकापर्यंत मुलांनी नळ ठरवून घेतले आणि पाणी सुटलं की नळाजवळच चाचणी केली. बाटलीत भरून शाळेत आणलं तर वाटेतच क्लोरीन कमी होतो. टाकीखाली रंग गडद आला, पेठेत फिकट, आणि शेवटच्या वस्तीत पाण्याला रंगच नाही. गावाच्या टोकाला कोणाची घरं असतात हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या वस्तीतल्या दोन मुली आमच्याच गटात होत्या.

मग मुलं कारण शोधायला लागली. टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीचं, पोतं ओलसर खोलीत उघड्या तोंडानं पडलेलं. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण अशी ठेवली की तो उडून जातो आणि 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्यालायक राहत नाही. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, तेवढं न थांबता पाणी सोडलं जायचं. शिवाय पाइप गटारातून गेलेला आणि गळका. पाणी बंद झालं की त्या फटींतून घाण आत ओढली जाते, आणि दुसऱ्या दिवशीचा क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो.

हे सगळं तक्त्यात मांडून आम्ही प्रदर्शनाला गेलो. परीक्षकांनी एक नजर टाकली आणि विचारलं, "यात उपाय कुठाय?" आमच्या गटातली एक मुलगी म्हणाली, "सर, उपाय गावात आधीपासून आहे. तो शेवटच्या नळापर्यंत पोचतो का, ते आम्ही बघितलं." शेरा मिळाला, नावीन्य नाही. पहिला नंबर जलपर्णी गोळा करणाऱ्या होडीच्या मॉडेलला गेला. मी तिथंच वाद घातला आणि आजही घालेन. चौदा वर्षांच्या मुलाकडं उपाय मागायचा आणि त्यानं मोजून आणलेला आकडा वाचायचा नाही, हे विज्ञान शिकवणं नव्हे. उपाय ग्रामपंचायतीनं, कारखान्यांनी, प्रदूषण नियंत्रण मंडळानं करायचे आहेत, त्यासाठी त्यांच्याकडं पैसा आणि माणसं आहेत.

तो तक्ता आम्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला. ग्रामसेवक आधी चिडले. पण पोतं कोरड्या खोलीत, झाकणाच्या पिंपात गेलं आणि पाणी अर्धा तास उशिरा सुटायला लागलं. पाइप काही बदलला नाही. टोकाला कधी रंग यायचा, कधी नाही, आणि मुलांनी वहीत तसंच लिहिलं.

तुमच्या मुलीला नदीच घ्यायची असेल तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचं किट घ्या. गावाच्या वरच्या अंगाला, नाला मिसळतो तिथं आणि त्याच्या खाली, अशा तीन ठिकाणी मोजा. वेळ रोज तीच ठेवा, कारण शेवाळामुळं पहाटेचा आणि दुपारचा आकडा वेगळा येतो. आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजायच्या, नादाला लागू नका, त्यासाठी नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो, शाळेत ते जमत नाही. असं काम राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेतही पाठवा. ती 1993 पासून चालू आहे, 10 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि स्थानिक प्रश्नावर मुलांनीच केलेला अभ्यास तिथं अपेक्षित असतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ओटीचं द्रावण घातक आहे, हाताला लागू देऊ नका. क्लोरीन मोजायला डीपीडी या दुसऱ्या रसायनाचं किट मिळालं तर तेच घ्या, त्यात रंग गुलाबी येतो. नदीतलं पाणी मोठ्या माणसानंच काढावं. क्लोरीन आहे म्हणजे पाणी सगळ्या बाजूंनी शुद्ध, असंही नाही. नायट्रेट किंवा कीटकनाशक त्यानं जात नाही. आणि मुलीला यंत्रातच गोडी असेल तर मॉडेल जरूर करू द्या, फक्त ते खऱ्या पाण्यात चालवून बघा.

तक्त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या आणि प्रदर्शनात ती पोच तक्त्याशेजारी लावा. परीक्षकांनी उपाय विचारला तर मुलीला त्या पोचेकडं बोट दाखवता येईल.